अब्बांनी न पाहिलेलं शहर

मुलांचे अब्बा व्हॅलेन्सियाला अकरा वेळा गेले आहेत, आणि व्हॅलेन्सिया त्यांनी एकदाही पाहिलेलं नव्हतं. मर्चंट नेव्हीतल्या घरांना यात कोडं वाटणार नाही. कंटेनर जहाज धक्क्याला लागतं, क्रेन रात्रंदिवस चालतात, इंजिनरूममध्ये नेमकं तेव्हाच काहीतरी दुरुस्तीला निघतं आणि दिवस उलटायच्या आत जहाज पुन्हा दर्यात. स्पेनमधल्या एवढ्या मोठ्या शहराचं त्यांना माहीत होतं ते बंदराचं फाटक आणि फाटकाबाहेरचं सिमकार्डाचं दुकान.

आमची थोरली तेरा वर्षांची आणि धाकटा सात. धाकट्याच्या सात वर्षांतली जेमतेम तीन वर्षं अब्बा घरी होते, तीही तुकड्यातुकड्यांनी. गेल्या वर्षी शाळेत ‘माझे बाबा’ या निबंधात त्यानं लिहिलं, ‘माझे अब्बा मोबाइलमध्ये राहतात.’ बाईंनी त्याखाली हसरा चेहरा काढून दिला होता. मी ते पान फोटो काढून जहाजावर पाठवलं. दोन दिवस उत्तर आलं नाही. मग आलं ते एवढंच, ‘या सुट्टीत कुठेतरी जाऊ. चौघंच.’

चौघंच, कारण अब्बा रत्नागिरीत उतरले की ते आमचे राहत नाहीत. लग्नं, मय्यत, जमिनीची कागदपत्रं, कुणाच्या मुलाला जहाजावर लावायचं असतं. तक्रार नाही, पण सुट्टी अशी निघून जाते. थोरलीनं नकाशा काढला आणि विचारलं, “अब्बा, तुम्ही जिथे सगळ्यात जास्त वेळा गेलात आणि काहीच पाहिलं नाहीत, असं गाव कुठलं?” तिथे निर्णय झाला. स्वयंपाकघराची फरशी एक वर्ष पुढे गेली. सासूबाई म्हणाल्या, “फरशीवर मी साठ वर्षं चालतेय, अजून एक चालेन.”

एकच शहर आणि पाच रात्री, हे मात्र मी हट्टानं ठरवलं. आपल्याकडच्या सहलीवाल्यांच्या यादीत दहा दिवसांत सहा देश असतात. मुलांना त्यातली आठवते ती बस. लहान मुलांना दुसऱ्या दिवशी तोच पाववाला आणि तोच झोपाळा दिसला, की परकं गाव थोडं आपलं वाटतं.

आता कागदांचं. स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. प्रत्यक्षात मे महिन्याच्या सुट्टीसाठी भेटीच्या वेळा फार लवकर संपतात. फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45 आणि त्याहून लहानांना माफ. व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, तो दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. म्हणजे आमच्या थोरलीला द्यावे लागले आणि धाकटा रुसून बसला. आई-वडिलांपैकी एकच जण मुलांसोबत जाणार असेल, तर दुसऱ्याचं संमतिपत्र आधीच करून ठेवा. आखातात किंवा जहाजावर माणूस असलेल्या घरांत हा कागद ऐन वेळी आठवतो.

आमची फजिती इथेच झाली. अब्बांच्या जागी येणारा रिलीव्हर लांबला. आज येतो, पुढच्या बंदरात येतो, असं करता करता बारा दिवस गेले. मुंबईतली ठरलेली वेळ गेली, दुसरी घेतली, तीही गेली. धाकट्यानं भिंतीवर चिकटवलेल्या कॅलेंडरवरचे गोल पुसून दोनदा नवे काढले. तिसऱ्यांदा मी म्हटलं, पेन्सिलीनंच काढ. नुकसान झालं नाही ते एवढ्यासाठीच, की राहण्याची जागा मी विनाशुल्क रद्द होणारी घेतली होती आणि विमानाची तिकिटं व्हिसा हातात येईपर्यंत काढलीच नव्हती. तिकिटं थोडी महाग पडली, पण मला त्याचा पस्तावा नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो, माद्रिदला उतरलो आणि तिथून वेगवान रेल्वेनं दोन तासांच्या आत व्हॅलेन्सिया.

हॉटेलऐवजी आम्ही स्वयंपाकघर असलेलं छोटं घर घेतलं होतं. मुस्लीम कुटुंबाला युरोपात याहून शहाणपणाची दुसरी गोष्ट नाही. एक तर हलालचा प्रश्न अर्धा मिटतो. दुसरं म्हणजे स्पेनमधल्या जेवणाच्या वेळा. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं साडेआठ-नऊनंतर, आणि मधल्या वेळात बऱ्याच खानावळींच्या चुली बंद. संध्याकाळी सहाला भुकेनं रडणाऱ्या मुलाला हे समजावून सांगून बघा! आम्ही तांदूळ तिथेच घेतला, मसाला घरून नेला. मांस आणि दुधाचे पदार्थ मात्र बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, त्यामुळे तूप, पेढे, सुकवलेलं मटण घरीच ठेवा.

घर रुसाफा मोहल्ल्यात होतं. हे नाव अरबी आहे. इथे अरब अमिराचा रुसाफा नावाचा बाग होता, आणि शहराचं तेव्हाचं नाव बलनसिया. आज तिथे कॉफीची दुकानं आहेत आणि त्यांच्यामध्ये मोरोक्कन, पाकिस्तानी लोकांची किराणा दुकानं आणि हलाल कसाई. ‘कार्निसेरिया हलाल’ अशी पाटी शोधायची. अब्बांनी कोंबडीवाल्याशी उर्दूत घासाघीस सुरू केली, तेव्हा मुलांना वाटलं आपण मुंब्र्याला आलो.

बाहेर खाताना चार शब्द पाठ हवेत. ‘सेर्दो’ म्हणजे डुकराचं मांस, ‘हामोन’ म्हणजे त्याच्या मांडीचे वाळवलेले काप, ‘मान्तेका’ म्हणजे बहुधा डुकराची चरबी, आणि ‘सिन’ म्हणजे ‘शिवाय’. “सिन सेर्दो, सिन आल्कोहोल” एवढं म्हटलं की काम भागतं. भाजीचा पदार्थ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. एका खानावळीत आम्ही घेवड्याची भाजी मागवली आणि तिच्यात हामोनचे बारीक तुकडे निघाले. वाढणाऱ्या बाईंना खरंच वाईट वाटलं. त्यांच्या लेखी ते मांस नव्हतं, फोडणी होती. आणखी एक, ‘आग्वा दे वालेन्सिया’. आग्वा म्हणजे पाणी. नाव वाचून मी मुलांसाठी मागवणारच होते. त्यात संत्र्याच्या रसाबरोबर स्पेनची फेसाळ वाइन, जिन आणि व्होडका असते.

मुलांसाठी मागवावी ती ‘ओर्चाता’. चुफा नावाचे छोटे कंद भिजवून, वाटून, गाळून केलेलं थंडगार पेय. दिसतं दुधासारखं, पण त्यात दूध नाही, दारू नाही. हे कंद अरबांनी इथे रुजवले असं मानतात, आणि शहराला लागून असलेल्या आल्बोरायाची शेतं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. धाकट्यानं पाच दिवसांत किती पेले रिचवले हे मी मोजणं सोडून दिलं.

आणि भात! पाएया जगभर गेला तो या गावातून. अस्सल स्थानिक पाएयात कोंबडी आणि ससा असतो, म्हणजे आपल्यासाठी तो नाही. पण मासळीचा असतो, नुसत्या भाज्यांचा असतो, आणि ‘आरोस आ बांदा’ म्हणजे माशाच्या रश्शात शिजवलेला भात असतो. आम्ही कोकणी शाफई, त्यामुळे कोळंबी-तिसऱ्यांचा प्रश्न आम्हाला पडत नाही. हनफी घरांनी आपापल्या आलिमांना विचारून ठरवावं. रश्श्यात वाइन नाही ना, हे मात्र दोघांनीही विचारावं. ‘आरोस’ हा शब्द अरबी ‘अर्-रुझ’वरून आला, हे कळल्यावर थोरलीनं खेळच सुरू केला. साखर म्हणजे ‘आसूकार’, तेल म्हणजे ‘आसेइते’, ऑलिव्ह म्हणजे ‘आसेइतुना’. ‘ओहाला’ म्हणजे ‘असं होवो’, आणि त्याच्या मुळाशी अल्लाहचं नाव आहे. ट्राममध्ये एक म्हातारे गृहस्थ तिच्या स्कार्फकडे टक लावून पाहत होते. ती अवघडली. अब्बा म्हणाले, “तुझ्या आइस्क्रीमकडे बघताहेत.” उतरताना त्या गृहस्थांनी खरंच विचारलं, कुठल्या दुकानातलं?

मुलांना घेऊन या शहरात जायचं खरं कारण म्हणजे तुरियाचं पात्र. शहराच्या मधून तुरिया नदी वाहायची. 14 ऑक्टोबर 1957 रोजी तिला महापूर आला आणि किमान 81 माणसं गेली. मग सरकारनं नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात नेली. रिकाम्या पडलेल्या जुन्या पात्रातून मोठा हमरस्ता काढायचा बेत होता. लोक अडून बसले, आम्हाला इथे हिरवळ हवी. आज तिथे सुमारे नऊ किलोमीटर लांबीची सलग बाग आहे. जुने दगडी पूल वर तसेच उभे आहेत आणि त्यांच्या कमानींखालून पाण्याऐवजी सायकली वाहतात. एकही गाडी नाही. अब्बांनी धाकट्याला सायकल शिकवली ती इथेच. रत्नागिरीत आमच्या घरापुढे उतार आहे, आणि त्या उतारावर धरायला अब्बा कधी नव्हते.

याच बागेत गलिव्हर आडवा पडलेला आहे. लिलीपुटच्या लोकांनी दोऱ्यांनी बांधून ठेवलेला, सुमारे 70 मीटर लांबीचा. त्याचे केस, कोट, बोटं म्हणजे घसरगुंड्या आणि जिने. मुलं त्याच्यावर चढली की तीच लिलीपुट होतात. प्रवेश फुकट आहे. बागेच्या समुद्राकडच्या टोकाला कला आणि विज्ञान नगरी आहे. सांतियागो कालात्रावा या वास्तुविशारदानं आखलेल्या, माशाच्या सांगाड्यासारख्या पांढऱ्या इमारती, आणि त्यांच्या शेजारी ओशनोग्राफिक हे अफाट मत्स्यालय. तिथलं तिकीट महाग आहे, पण एका महाग तिकिटाची ऐपत असेल तर तिथेच खर्च करा. काचेच्या बोगद्यात डोक्यावरून शार्क गेला तेव्हा धाकट्यानं अब्बांचा हात इतका घट्ट धरला, की नखं रुतली. शेजारचं विज्ञान संग्रहालय आम्ही अर्ध्यातून सोडलं, मुलं थकली होती. दुसऱ्या टोकाला प्राण्यांची बाग आहे, तिकडे गेलोच नाही.

जाण्याचे दिवस ठरवताना एक गुरुवार आत येईल असं पाहा. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या एका दरवाजापुढे, उघड्यावर, पाण्याचं न्यायालय भरतं. तुरियाचं पाणी शेतात नेणारे आठ पाट आहेत. प्रत्येक पाटाच्या शेतकऱ्यांनी निवडलेला एकेक प्रतिनिधी काळा झगा घालून गोल बसतो, आणि तो स्वतः शेती करणाराच असावा लागतो. बाराचे टोल पडले की शिपाई एकेका पाटाचं नाव घेऊन आरोपींना पुकारतो. सगळं तोंडी, स्थानिक भाषेत, वकिलाशिवाय, आणि निकालावर अपील नाही. ज्या पाटाचं भांडण असेल त्या पाटाचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. ही रीत अरब राजवटीपासून चालत आली असं परंपरा सांगते. कॅथेड्रलच्या जागी तेव्हा मशीद होती. 1238 मध्ये अॅरागॉनचा राजा जाउमे यानं शहर जिंकलं, राज्य बदललं, धर्म बदलला, पण पाणी वाटायची पद्धत त्यानं मोडली नाही. 2009 मध्ये युनेस्कोनं तिची नोंद मानवजातीच्या वारशात केली. या संस्थेत जे पाट सांभाळतात त्यांना आपण पाटकरी म्हणू. धुळ्याकडच्या फड पद्धतीतले पाटकरी ज्यांनी पाहिलेत, त्यांना तिथे परकं वाटणार नाही. आम्ही गेलो त्या गुरुवारी खटलाच नव्हता. आठ नावं पुकारली गेली, कुणी आलं नाही, पाच मिनिटांत न्यायालय उठलं. धाकटा म्हणाला, “म्हणजे कुणीच भांडलं नाही? मग आपण कशाला आलो?”

थोरलीची वाट वेगळी होती. निघण्यापूर्वी तिनं शोधून काढलं, की प्रवासवर्णनकार इब्ने जुबैर याचा जन्म 1145 मध्ये याच शहरातला. ग्रॅनडाच्या हाकिमानं त्याला सात प्याले शराब जबरदस्तीनं प्यायला लावली, नंतर पस्तावून तेच प्याले सात वेळा सोन्याच्या दिनारांनी भरून दिले, आणि त्या पैशातून हा प्रायश्चित्त म्हणून हजला निघाला, अशी कथा आहे. 1183 ते 1185 असा त्याचा सफर झाला. जिनोआच्या जहाजानं तो अलेक्झांड्रियाला पोचला, आणि परतीच्या वाटेवर सिसिलीजवळ मेसिनाच्या सामुद्रधुनीत त्याचं जहाज फुटलं. हे ऐकून अब्बा एकदम सावरून बसले. मेसिनातून ते कित्येकदा गेले आहेत. त्या रात्री त्यांनी मुलांना कागदावर ती सामुद्रधुनी काढून दाखवली, तिथले प्रवाह कुठून कसे येतात, जहाज कुठल्या बाजूला ओढलं जातं. माझ्या आठवणीत त्यांनी आपल्या कामाबद्दल मुलांना इतकं सांगितल्याची ती पहिलीच वेळ.

एक दिवस शातिवाला गेलो. लोकल रेल्वेनं तासाभराच्या आत. गाडी कातारोखा, मास्सानास्सा या गावांवरून जाते. 29 ऑक्टोबर 2024 च्या पुरात याच दक्षिणेकडच्या वस्त्या बुडाल्या, आणि व्हॅलेन्सिया प्रांतात दोनशेहून अधिक माणसं गेली. शहराचा मध्य वाचला, कारण 1957 नंतर खोदलेल्या नव्या पात्रानं तुरियाचं पाणी बाहेर नेलं. ही गावं त्या पात्राच्या पलीकडची. शेजारच्या बाईंनी खिडकीतून हात करून दाखवला, पाणी इतकं होतं. भाषा कळली नाही तरी हात कळला. धाकट्यानं चिपळूणचं नाव घेतलं. 2021 मध्ये त्याच्या खालाचं दुकान बुडालं होतं, आणि ती गोष्ट त्यानं घरात शंभरदा ऐकली आहे.

शातिवा म्हणजे अरबीतलं शातिबा. युरोपातल्या सगळ्यात जुन्या कागद कारखान्यांपैकी काही इथे होते, आणि भूगोलकार इद्रीसीनं बाराव्या शतकात इथल्या कागदाची वाखाणणी केली आहे. आणि ज्यांच्या घरात कुणी किराअत शिकलं असेल, त्यांना इमाम शातिबी हे नाव परकं नसेल. जन्मापासून दृष्टी नसलेला हा आलिम याच गावचा. पुढे कैरोला जाऊन शिकवू लागला आणि 1194 मध्ये तिथेच वारला. कुरआनच्या सात किराअतींवरचं त्याचं अकराशेहून अधिक ओळींचं पद्य आजही मदरशांत पाठ करतात. नात्यातल्या एका कारीसाहेबांना मी गावाच्या पाटीचा फोटो पाठवला. त्यांनी फोन करून विचारलं, “हे गाव खरंच आहे?” किल्ल्याचा चढ खडा आहे, टोप्या आणि पाणी न्या. खाली गावातल्या संग्रहालयात राजा पाचव्या फेलिपेचं चित्र उलटं टांगलेलं आहे. 1707 मध्ये त्याच्या फौजेनं गाव जाळलं, म्हणून. मुलं डोकं खाली करून बघत राहिली.

नमाजाचं थोडं. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे असतं. मे महिन्यात जोहर दुपारी दोनच्या सुमारास, मगरिब रात्री नऊनंतर आणि इशा त्याहून दीड तासानं. त्यामुळे सकाळ ते दुपार सलग मोकळी मिळते, पण लहान मुलं इशापर्यंत जागी राहत नाहीत. मुसाफिरासाठी कसर आणि जमाची सवलत आहे. आपल्या मसलकाप्रमाणे, किती दिवस मुक्काम आहे हे सांगून, निघण्याआधीच विचारून घ्या. आम्ही तुरियाच्या बागेत झाडाखाली चटई टाकायचो, कुणी काही म्हटलं नाही. आणि हो, तिथल्या शौचालयांत पाण्याची फवारणी नसते. प्लास्टिकचा छोटा लोटा पिशवीत असू द्या. ही सूचना मला कुणीच केली नव्हती.

समुद्रकिनारा आम्ही शेवटच्या दिवसासाठी ठेवला होता. माल्वारोसाला ट्राम जाते, आणि वाळू इतकी रुंद आहे की पाण्यापर्यंत चालताना पाय भाजतात. कपड्यांच्या बाबतीत तिथले रिवाज आपल्यासारखे नाहीत, म्हणून आम्ही सकाळी आठला गेलो. फिरायला आलेले चार म्हातारे आणि आम्ही. दक्षिणेकडे बघितलं तर बंदराच्या क्रेन उभ्या होत्या, उंच, ओळीनं.

धाकट्यानं विचारलं, “अब्बा, तुमचं जहाज कुठे लागतं?”

त्यांनी बोट केलं. मग धाकट्याला खांद्यावर घेतलं, कारण वाळूवरून त्याला नीट दिसत नव्हतं, आणि डावीकडून एकेक क्रेन मोजायला लावली. सातवीपाशी ते थांबले.

“तिथून इथपर्यंत किती वेळ लागतो?”

“चालत? तासभर असेल.”

“मग तुम्ही कधी आला नाहीत?”

“नाही,” अब्बा म्हणाले. “आज आलो.”